भंगारातली देवी

गीतानं तांब्याची पट्टी तेजाबाच्या बरणीत सोडली आणि पदर नाकाशी धरून ती मागे सरकली. निळसर पाणी हललं. थोड्याच वेळात पट्टीवर करडी चांदी धरू लागली आणि गाळासारखी तळाला बसू लागली.

हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या शेडमागे, उघड्यावर, ती हे काम करायची. एका जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं भंगार तिच्या नवऱ्यानं, दिवाकरनं, लिलावात उचललं होतं. त्यातल्या रिले, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या विजेच्या खटक्या, फोडायच्या, पट्ट्यांच्या टोकांवरचे चांदीचे ठिपके कातरून घ्यायचे, तेजाबात विरघळवायचे आणि तांबं टाकून चांदी परत मिळवायची. आजवरची सगळी चांदी बाजारात गेली होती. ही जाणार नव्हती.

"याचा देवीचा टाक करून घेतो मी," ती म्हणाली. "आपल्या घरी बसवाले."

दिवाकरनं हातातली पकड खाली ठेवली.

"भैय्याजीले कळलं तं?"

"कळन कावून नाई? मीच सांगाले जातो."

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली गेली, गाद्या वाटल्या गेल्या, सासऱ्यांच्या छत्र्यासुद्धा वाटल्या गेल्या. देव तेवढे वाटले नाहीत. स्टील प्लांटच्या ऑफिसात बाबू असलेल्या थोरल्या भैय्याजींनी साफ सांगितलं होतं की भंगारवाल्याच्या घरात आमचे देव जाणार नाहीत. दिवाकरनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. ती खाली गेलेली मान गीताच्या जिव्हारी लागली होती. तेव्हापासून सणावाराला भैय्याजींच्या घरी, मोहन नगरला जायचं, परक्यासारखं दारातून हात जोडायचे, ओंजळीत प्रसाद घ्यायचा आणि परतायचं. तिला आता ते पुरे झालं होतं.

पावर हाउस बाजारातल्या सोनारानं चांदी आटवली आणि ठशावर ठोकून देवीचा सुबक टाक करून दिला. नवा टाक घरच्या जुन्या देवांना भेटवावा लागतो. एका ताम्हनात शेजारी शेजारी ठेवून हळदकुंकू वाहिलं, की तो घराण्याचा झाला. नवरात्राचे घट उद्यावर आले होते. गीता सकाळीच मोहन नगरला पोचली आणि तिनं मूठ उघडली.

"कशाचा केला?" भैय्याजींनी चष्मा वर सरकवत विचारलं.

"टेलिफोनच्या रिलेतल्या चांदीचा."

"कचऱ्यातली चांदी माझ्या देवघरात? दिमाग ठिकाणावर आहे ना तुझा?"

गीताचे कान तापले. पण आवाज चढला नाही.

"बाबा गेले तेव्हा दवाखान्यातून तुमाले ऑफिसात फोन आला होता, भैय्याजी. तो असल्याच चांदीतून आला. तेव्हा नाई म्हटलं तुमी, का कचऱ्यातून बोलू नका."

भैय्याजींच्या हातातला पेपर गुडघ्यावर आला. आतल्या दारात सासूबाई, कलावतीबाई, चिंचेनं घासलेलं ताम्हन पुसत उभ्या होत्या. पुसणारा हात थांबला.

"जा तू," भैय्याजी म्हणाले.

"जातो. पन देवी बसनार माह्या घरी. भेट नाई झाली तं बिनभेटीची बसन."

परतताना सगळ्या वाटेत तिची मूठ आवळलेली होती. सासूबाईंच्या गप्प राहण्याचा तिला भैय्याजींपेक्षा जास्त राग आला होता.

संध्याकाळी शेडसमोर ऑटो थांबली. त्यातून कलावतीबाई एकट्याच उतरल्या. मुलाच्या या जागेवर त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. रिलेंच्या ढिगाला वळसा घालून त्या मागच्या राहत्या खोलीत आल्या आणि कमरेची पुरचुंडी सोडू लागल्या.

"ताम्हन आन, गीता."

पुरचुंडीतून घरचे सगळे टाक निघाले. जुनी देवी घासून घासून इतकी झिजली होती की नाकडोळे उरले नव्हते. कलावतीबाईंनी तिच्या अंगाला अंग लावून नवी देवी ठेवली. गीतानं हळद वाहिली तेव्हा निम्मी बोटांतून बाहेरच सांडली.

"भैय्याजीनं देले?" दिवाकरनं घाबरत विचारलं.

"त्याले कायले इचारू? हे माह्या सासूनं माह्या हातात देले होते. त्याच्या नाई."

दिवाकरनं हात जोडले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानं घाईनं चपला शोधल्या.

"चाल आई, सोडून देतो तुले. उद्या घट हायेत. त्याले देव लागतीन."

"लागतीनच." कलावतीबाईंनी भंगार तोलायच्या काट्याला पाठ टेकली आणि पाय लांब केले. "रस्ता मालूम हाय त्याले."

दिवाकर चपला हातात धरून तसाच उभा राहिला. गीताला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. ती उठली आणि पाट घेऊन आली. देवीसमोर तिनं दिवाकरचा पाट मांडला. मग त्याच्या उजव्या हाताला, थोरल्याच्या जागी, आणखी एक पाट पुसून ठेवला.