घरचा आवाज

तंत्रज्ञ मुलीने बटण दाबलं आणि टेबलावरच्या यंत्रातून फटाकेबुवांचा आवाज आला, "मी इथेच आहे. घाबरू नकोस." त्यामागोमाग शंभरेक माणसं खो खो हसली.

मुलगी ओशाळली. चूक तिचीच होती. यंत्राला बुवांचा आवाज शिकवायचा तर त्यांचं बोलणं हवं, आणि ते सापडलं फक्त त्यांच्या जुन्या प्रहसनांच्या कॅसेटींत. तिथे बुवांची वाक्यं फटाक्यांच्या माळेसारखी उडायची, म्हणून तर हे नाव पडलं. यंत्र प्रामाणिक विद्यार्थी निघालं. हा माणूस बोलला की हशा होतो, हेही त्याने पाठ करून टाकलं.

बुवांना मात्र हसू आवरेना. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या हसण्यालाही आवाज उरला नव्हता, नुसते खांदे हलत होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंना, ते कळलं नाही. तिची दृष्टी सहा वर्षांपूर्वीच गेली होती.

खरी गोची तीच होती. बुवा लिहून सांगू शकत होते, पण वाचणार कोण? चार महिने दोघांचा संसार तिच्या तळहातावर चालला होता. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. रोज सकाळी बुवा तिला प्रार्थना वाचून दाखवायचे, तीही बंद पडली होती. बुवांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण बायकोवर होता.

मुलीने तासभर खपून हशा काढून टाकला. बुवांनी प्रार्थना टाइप केली आणि यंत्राने ती एका दमात, खणखणीत म्हणून दाखवली.

"छान म्हणतो," काकू म्हणाल्या. "कोण आहे हा?"

"अहो, काकाच! त्यांचाच आवाज आहे."

"आवाज त्यांचाच गं. पण हा नाटकातला. तिकीट काढून ऐकायचा."

"मग घरचा कसा होता?" मुलीला आता राहवेना.

काकूंनी नवऱ्यासमोर हात पसरला. "सांगू का हो?"

बुवांनी आधी मुलीकडे पाहिलं. मग एक टिचकी मारली.

"हे अडखळतात. लहानपणापासून. नाटकात उभे राहिले की एकदम मोकळे, घरी आले की पुन्हा तेच. प्रार्थनेत 'क्षमा' आलं की गाडी अडलीच. मी कधी शब्द पुरवला नाही. तेवढ्या वेळात मला देवाला जे सांगायचं ते सांगून घ्यायचे. माझी प्रार्थना म्हणजे तेवढीच. हे यंत्र मला वेळच देत नाही."

मुलीला वाईट वाटलं. लोकांच्या आवाजातले खोकले, अडखळणं काढून टाकणं हेच तर तिचं काम. "अडखळायला शिकवायचं तर नमुना लागतो, काकू. कॅसेटींत एकही नाही. नाही जमणार मला."

बुवांनी चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे सरकवलं: एकेक शब्द टाइप होईल तसा बोलेल का?

तेवढं जमण्यासारखं होतं. तिने तशी सोय केली. बुवा पुन्हा टाइप करू लागले. ओठ बिनआवाजाचे शब्द म्हणत होते आणि बोटं त्यांच्यामागून चालत होती.

"हे दयाळू देवा," यंत्र म्हणालं, "आमच्या हातून चुकलेलं सारं..."

आणि थांबलं. यंत्र बिघडलं असं वाटून मुलगी पुढे वाकली, तेव्हा तिला बुवांचा चेहरा दिसला. ओठ एका आकारात घट्ट अडकले होते. कपाळावर घाम आला होता. बोट वरच्या वर थांबलं होतं.

काकूंनी डोळे मिटले. त्या पुटपुटू लागल्या.

पडद्यावर यंत्राने पुढचा शब्द आपणहून सुचवला होता: क्षमा. नुसतं बोट टेकलं तरी उमटला असता. बुवा तिकडे बघतही नव्हते.

मुलीने हळूच हात लांब केला, शब्द सुचवण्याची ती सोय बंद केली आणि आवाज न करता खुर्चीत मागे टेकून बसली.