तीन लाख सत्तेचाळीस हजार तीनशे सत्तेचाळीस

“हा आकडा फुटत नाही,” बाबा म्हणाले आणि मनगटावरची दवाखान्याची पट्टी त्यांनी डॉक्टरबाईंपुढे धरली. “मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचाच भाग जायचा नाही.”

पट्टीवर छापलं होतं ३४७३४७.

महिन्यात दोनदा ते गॅस चालू ठेवून बाहेर पडले होते, मग जिन्यात पडले. त्यांना पुन्हा घरी एकटं राहू द्यायचं की नाही, हे आज ठरायचं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलेले तारीख, वार त्यांनी अचूक सांगितले. पुढची हौस माझीच. “चाळीस वर्षं पाण्याचे मीटर वाचलेत त्यांनी. एखादा मोठा आकडा फोडायला तर देऊन बघा,” मीच म्हणाले होते.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “बरोबर आहे?”

मी शाळेत असताना बाबा रोज एका मीटरचा आकडा चिठ्ठीवर उतरवून आणायचे. “चल, फोड.” पहिली युक्ती त्यांचीच: तेच तीन आकडे त्याच क्रमानं पुन्हा आले, की डोळे मिटून सात, अकरा आणि तेरानं भागायचं.

“बरोबर,” मी म्हणाले.

मग डॉक्टरबाईंच्या मागोमाग बाहेर जाऊन खरं सांगितलं.

“मग एकटं नका ठेवू,” त्या म्हणाल्या. “त्यांना तुम्ही सांगता, का मी सांगू?”

मी दार ढकललं. आत आले, तर बाबा दाराकडेच बघत होते.

“कसली कुजबुज?”

“पथ्याचं विचारत होते.”

“सातानं भागून पाहिलंस?”

“पाहिलं.”

“खोटं बोलताना तू लहानपणीही पायाच्या अंगठ्याकडेच बघायचीस.” आवाजात राग नव्हता. “कागद घे. मांड.”

सातानं भागलं, ४९६२१. अकरानं, ४५११. तेरानं, ३४७. दर वेळी बाकी शून्य. बाबांचं बोट माझ्या पेन्सिलीमागून सरकत होतं. तेराशी ते थांबलं.

“आणि हा उरलेला?”

“हा नाही फुटत.”

“नक्की? का परत बापाची मर्जी राखतेस?”

“सतरापर्यंत बघितलं, बाबा. पुढे बघायला नको.”

“हं.” ते बराच वेळ कागद न्याहाळत राहिले. “मग तेवढा राहू दे.”

उशीखाली हात घालून त्यांनी घराची किल्ली काढली आणि त्या कागदावर ठेवली.

“घरी जाऊन बाहेरचा मोठा नळ बंद करून ये. कुठेतरी गळत असतं, मीटर उगाच फिरत राहतो.”

मी गेले. नळ बंद केला. मीटरवरचा आकडा चिठ्ठीवर उतरवून घेतला. परतले तेव्हा बाबांचा डोळा लागला होता. उठल्यावर दाखवू म्हटलं.

ते उठले नाहीत.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. आकडा सम आहे, तेवढं दिसतंच. पुढे मी भागलेलं नाही.