दादाचे हात आणि खाडीचा गाळ

माझा दादा बंदराचा प्रमुख आहे, पण त्याचे हात कधीच स्वस्थ बसत नाहीत. लहानपणी मी कुंडीत बी पेरलं की उगवलं का म्हणून तो रोज उकरून बघायचा. एकही उगवलं नाही.

मी खाडीतला गाळ तपासते. नवी गोदी बांधायची ती नेमकी नदीचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मिळतं तिथेच, असं दादाने ठरवून टाकलं होतं. बारा वाजता कागदावर सही होणार होती. वर्षभरात गोदी चिखलाने बुजली असती आणि दादाची नोकरी गेली असती. म्हणून अकराला मी त्याला अक्षरशः ओढत प्रयोगशाळेत आणलं.

टेबलावर गढूळ पाण्याच्या काचेच्या दोन उंच बरण्या होत्या. एकीत मी मीठ घातलं.

"गोड्या पाण्यात हा गाळ दिवसचे दिवस तरंगतो," मी म्हणाले. "खाऱ्या पाण्यात मात्र कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. वीस मिनिटं थांब फक्त."

दोन मिनिटांत त्याने मिठाच्या बरणीत पट्टी घालून ढवळलं. "कुठे काय बसतंय?"

"तू मोडलेस ना पुंजके."

मी पट्टी काढून घेतली, तर त्याने पेन्सिल घातली. पेन्सिल काढून घेतली, तर बरणीच उचलून खळखळून हलवली. साडेअकरा वाजले. माझं डोकं फिरलं, रडूही आलं, आणि मी सरळ आईला फोन लावला. ती मागच्याच गल्लीत राहते.

आई विणकामाची पिशवी घेऊन आली. बरण्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"मेली जुनी खोड," ती दादाला म्हणाली. "बस इथे. हात पुढे कर."

त्याच्या दोन्ही हातांत तिने लोकरीची लडी अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला घेतला. प्रमुखसाहेब मुकाट्याने हात धरून बसले.

थोड्या वेळाने खाऱ्या पाण्यात रव्यासारखे दाणे दिसू लागले. मग ते सावकाश खाली उतरले. बाराच्या सुमाराला त्या बरणीत वर नितळ पाणी होतं आणि तळाशी बोटभर चिखल. शेजारची बरणी होती तशीच गढूळ. दादा हात न हलवता पुढे वाकला.

"हे सगळं गोदीत येऊन बसणार?"

"दर भरतीला."

तेवढ्यात गोदीचे इंजिनियर सहीचा कागद आणि पेन घेऊन दारात आले.

"आज सही नाही," दादा म्हणाला. "जागा बदलू. आत्ता माझे हात मोकळे नाहीत."

इंजिनियर त्याच्या हातांकडे बघतच राहिले. लोकर केव्हाच संपली होती, आईने पिशवीही आवरली होती. दादाने मात्र हात तसेच धरून ठेवले होते.