बदला लिहिलेला खोका

मित्रांनो, मी जुनी आहे, माझी शिलाई उसवली आहे आणि सध्या मी तुर्भ्यातल्या एका रद्दीच्या गोदामात, तारेने आवळलेल्या गठ्ठ्यात पडले आहे. माझ्या एका अंगाला कुणाच्या तरी लग्नपत्रिका आहेत, दुसऱ्या अंगाला चेपलेले पुठ्ठे. अशा ठिकाणी ओळख ती काय करून द्यायची! तरी सांगते. मी कोपरखैरण्यातल्या एका छोट्या वाचनालयाची अभिप्रायवही आहे. वाचलेलं पुस्तक परत करताना ते कसं वाटलं, हे लोक माझ्यात लिहीत असत.

माझा जन्म पनवेलला, मुस्तफाभाई बाइंडरांच्या दुकानात झाला. चारशे पानं, जाड पुठ्ठा आणि पाठीला लाल कापड. शालनताईंच्या हातात मला देताना ते म्हणाले होते, "शिलाई दोऱ्याची केलीय, ताई. कधी उसवली तर माझ्याकडेच आणा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." नव्या कपड्यात मिरवणाऱ्या पोरीसारखी मी वाचनालयात आले. तेव्हा मला वाटलं होतं की मी कधीच उसवणार नाही.

शालनताई शाळेतून निवृत्त होऊन हे वाचनालय चालवणाऱ्या बाई. त्यांनी माझ्या पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'येथे नुसते "छान" लिहू नये.' झालं, लोकांची पंचाईत झाली. शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी असो की कालपरवाचं हातोहात खपलेलं पुस्तक, सगळ्यांना एकच शब्द येत होता आणि नेमका तोच बंद झाला. ऐरोलीच्या कंपनीतला विश्वजित नावाचा मुलगा माझ्यात पाच चांदण्या काढून निघाला, तर ताईंनी त्याला दारातून परत बोलावलं. "चांदण्या आकाशात बऱ्या दिसतात. कुठल्या पानावर थांबलास, ते लिही." बिचारा पेन चावत बसला. शेवटी त्याने दोन ओळी लिहिल्या, आणि खरं सांगते, त्या चांगल्या होत्या.

पण माझी खरी शान वाढवली ती जोतीरामभाऊंनी. हे मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोण्या वाहणारे. पहिल्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं, "छान म्हनायचं न्हाय, तर मग मार्केटात म्हंत्यात तसं लिव्हलं तर चालंल का?" ताई म्हणाल्या, चालेल की. तेव्हापासून भाऊ पुस्तकांची कांद्यासारखी प्रतवारी करू लागले. उत्तम ते एक नंबर. बारीक, हलकं ते गोल्टी. आणि सडका, दबलेला, कुणीही उचलणार नाही असा माल, त्याला मार्केटात बदला म्हणतात; पण हा शब्द माझ्यात लिहायची वेळ भाऊंवर कधी आली नाही, त्यामुळे ताईंच्या तो कधी कानी पडला नव्हता. त्यांचा एक नेम होता. गोणी उघडल्याशिवाय प्रतवारी करायची नाही. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत झाल्याशिवाय ते माझ्यात अक्षर उमटवत नसत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. प्रतवारी भाऊंची असली तरी पारख त्यांची नव्हती. घरी ते मोठ्याने वाचत आणि भाकऱ्या थापता थापता ऐकत त्यांच्या पत्नी वेणूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या जे बोलत ते भाऊ जसंच्या तसं माझ्यात उतरवत. एका गाजलेल्या जुन्या कादंबरीखाली त्यांनी लिहिलं, 'वेणू म्हनती, लेखकाला त्या सुनंचं पुढं काय करावं सुचंना, म्हनून मारली. बाकी एक नंबर.' पहाटे उठून मोठं कसं व्हावं हे शिकवणारं एक पुस्तक तेव्हा जो तो वाचत होता. त्याच्याखाली आहे, 'आमी पंचवीस वर्सं पहाटे तीनला उठतोय. वेणू म्हनती, लेखकाला कळवा. गोल्टी.' ताई चष्मा काढून हसल्या होत्या. कवितेच्या एका पुस्तकाखाली फक्त एवढंच होतं, 'एक कविता तीनदा वाचाया लावली. मग म्हनली, ऱ्हाऊ द्या, पाठ झाली.'

लोक पुस्तक न्यायच्या आधी मला चाळून विचारत, "यावर वेणूबाई काय म्हणतात?" ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिच्या शब्दावर पुस्तकं उचलली जात होती. मला अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, पण आता तो कुणाच्या काय उपयोगाचा.

हळूहळू माणसं कमी झाली. येणारे फोनवर स्टार बघून आधीच ठरवून येऊ लागले, मग तेही यायचे थांबले. माझी शिलाई सुटत गेली. एका वर्षी वेणूबाई आजारी पडल्या. भाऊ दवाखान्यात बसून त्यांना वाचून दाखवत होते. ते पुस्तक परत आलं तेव्हा त्यांनी माझ्यात लिहिलं, 'पानं दोनशे धा. एकशे सव्वीसपर्यंत झालं. प्रतवारी व्हत न्हाय.' त्यानंतर त्यांनी एकही पुस्तक नेलं नाही. दर रविवारी ते येत, मला समोर घेत आणि ओळींखाली बोट ठेवून वेणूबाईंचं बोलणं वाचत. एकदा ताईंना म्हणाले, "घरी फोटू हाय, पर फोटू गप्पच असतो. ती बोलती ते हितंच."

यंदा इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं. खारघरच्या एका कॉलेजने चांगली पुस्तकं मागितली, बाकीच्यांची विल्हेवाट ताईंनाच लावायची होती. भाऊंनी एकच मागणं मागितलं. "मला काय बी नगं, ताई. वही तेवढी द्या." ताईंनी शब्द दिला. एवढ्या मोडक्या अवस्थेत वही द्यायची नाही, आधी मुस्तफाभाईंकडून बांधून घ्यायची, असंही त्यांनी मनाशी ठरवलं. इथेच माझं नशीब फिरलं.

निघायच्या दिवशी पुस्तकं निवडून खोके भरले भाऊंनी. खोक्यांवर जाड पेनाने त्यांनीच नावं घातली, एक नंबर, गोल्टी, बदला. ते गोण्यांच्या गल्लीतलं लिहीत होते आणि ताई शाळेतलं वाचत होत्या. ताई मला घेऊन तिसऱ्या खोक्यापाशी आल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "बदला. म्हणजे बांधणी बदलायची ती. बरोबर." त्यांनी मला अलगद आत, फाटक्या पुस्तकांवर ठेवलं, सुतळीने खोका बांधला आणि चांगल्या पुस्तकांच्या टेम्पोबरोबर त्या खारघरला गेल्या.

उरलेले खोके न्यायला दुसरा टेम्पो आला. ड्रायव्हरने विचारलं, "काका, हा कुठं टाकायचा?"

भाऊंनी स्वतःचं अक्षर पाहिलं. मी सुतळीखाली होते, त्यांचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मित्रांनो, सतरा वर्षं माझ्यात माणसं बोलली, पण मला कधी बोलता आलं नाही. त्या दिवसाइतकं त्याचं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

"बदला हाय तो," भाऊ म्हणाले. "रद्दीत घाल."

आयुष्यभर गोणी उघडल्याशिवाय ज्यांनी प्रतवारी केली नाही, त्यांनी तेवढा एक खोका उघडला नाही.

संध्याकाळी ताईंनी फोनवर बांधणीच्या खोक्याचं विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ या गोदामात हजर झाले. आज त्यांचा तिसरा दिवस आहे. सुटी रद्दी त्यांनी सगळी उपसली, पंचेचाळीस पोती रिकामी करून पुन्हा भरली. मघाशी माझ्या गठ्ठ्याला पाठ टेकून ते दम खायला बसले. त्यांची धाप मला जाणवत होती. गोदामातला क्रांती नावाचा माणूस वैतागून म्हणाला, "काका, मशीनमध्ये दाबून तार बांधलेला गठ्ठा परत उघडत नाहीत. उद्या गाडी भरणार. कसली वही होती एवढी?"

"माझ्या मंडळीची."

"शिकलेल्या होत्या?"

"न्हाय," भाऊ म्हणाले. "मीच म्हनलो, रद्दीत घाल म्हनून. अक्षर बी माजंच."

ते उठले आणि पुन्हा पहिल्या पोत्याकडे गेले.

उद्या माझा लगदा होईल. आशा आहे असं तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल. मागणं मात्र आहे. बाहेर लिहिलेल्या शब्दावर जाऊन कुणालाही रद्दीत घालू नका, आधी सुतळी सोडा, आत बघा. आणि लगद्याचा पुन्हा कोरा कागद होतो म्हणतात. तो वही होऊन तुमच्या हाती आला, तर त्यावर नुसतं 'छान' लिहू नका. वेणूबाईंना लिहिता येत नव्हतं, पण नुसतं छान त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.