अकरावा अनोळखी

"आला. बघा, परत आला."

बाबुराव खराड्यांनी फोन हातभर लांब धरला आणि पडद्यावर बोट ठेवले. सोसायटीच्या कार्यालयातल्या वायफायला कोण कोण जोडलेले आहे, याची ती यादी होती. कार्यालयातला संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डबा आणि फाटकावरचा टॅब, अशा चार नोंदी जिथल्या तिथे होत्या. पाचवी मात्र नुसतीच बारा अक्षरे आणि आकडे. नाव नाही, गाव नाही.

शिडीवर चढून छताला चिकटलेला पांढरा, वायफाय पसरवणारा ॲक्सेस पॉइंट तपासणारी सेरेना खाली उतरली. इंटरनेट कंपनीची ती तंत्रज्ञ; माहेर जुन्या बाळकुम गावातलेच.

"कधीपासून आहे हे, अंकल?"

"सात आठवडे. हा अकरावा. आधीच्या दहांना मी ब्लॉक केलंय."

"आणि ब्लॉक केल्यावर?"

"केल्यावर तो उलटतो. लगेच माझंच नेट बंद पाडतो. मग मी संगणकावरून नेटवर्कचं नाव बदलतो, पासवर्ड बदलतो. दहा मिनिटं शांतता. की परत हजर, नव्या नंबरानं."

सेरेनाने यादी पुन्हा पाहिली.

बाबुरावांनी एकतीस वर्षे मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली होती. कामगाराने कार्ड घालायचे, यंत्राने वेळ छापायची आणि बाबुरावांनी कार्डामागचा माणूस पाहायचा. मित्राचे कार्ड घालणारे हात त्यांनी मनगटाला धरून पकडले होते. कारखाना बंद पडला, ते मुलाच्या फ्लॅटमध्ये बाळकुमला आले. पण संशयाला निवृत्तिवेतन लागू झाले नाही, तो कामावरच राहिला. अशा माणसाचा उपयोग गृहनिर्माण संस्थेच्या समितीला न कळता तरच नवल. तीनशे कुटुंबांच्या या संकुलात अविश्वास मुबलक होता, फक्त त्याचे खाते सांभाळायला कुणाला सवड नव्हती. बाबुरावांना 'मानद नेटवर्क पर्यवेक्षक' करण्यात आले.

त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. नवा पासवर्ड तिघांनाच कळे: स्वतः बाबुराव, अध्यक्ष अनिमेष कर्णिक, आणि फाटकावरचा साईनाथ, कारण पाहुण्यांच्या नोंदीच्या टॅबमध्ये तो घालावा लागे. स्वतःवर संशय घेण्याची पद्धत टाइम ऑफिसात नव्हती. अध्यक्षांवर संशय घेण्याची पद्धत जगात कुठेच नाही. उरला तो आंबिवलीहून येणारा, खाकी शर्टातला. बाबुरावांनी अहवाल दिला, समितीने वाचल्याचे गृहीत धरून मंजूर केला, आणि सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला पत्र गेले: सुरक्षेच्या कारणास्तव सदर रक्षक बदलावा. आज पाच वाजता त्याची इथली शेवटची पाळी संपणार होती. साईनाथची बायको कल्पिता दवाखान्यात रात्रपाळी करी, घरी सहा वर्षांची मुलगी होती. म्हणून वर्षभर विनवण्या करून त्याने ही दिवसपाळी मिळवली होती. हेही बाबुरावांना माहीत होते. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

"अंकल, तुमचा फोन कुठाय या यादीत?" सेरेनाने विचारले.

"माझा कशाला असेल?"

"तुम्ही याच वायफायवरून बघताय ना?"

"अगं, टाइमकीपरचं कार्ड कामगारांच्या खणात नसतं. आमची हजेरी वेगळ्या वहीत. माझ्या फोनचा असा बारा अक्षरी नंबर मी सेटिंगच्या 'अबाउट'मधून उतरवून घेतलाय, हा बघ, वेगळाच आहे."

"द्या जरा इकडे."

तिने फोन घेतला, वायफायच्या सेटिंगमध्ये दोनदा बोट फिरवले आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. तिथे तीच बारा अक्षरे होती.

"नवे फोन आपला खरा नंबर दाखवत नाहीत, अंकल. प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला नंबर देतात. तुम्ही नाव बदललं की फोनला वाटतं, हे नवीनच नेटवर्क आहे. तो नवीन नंबर बनवतो. तुम्ही त्याला ब्लॉक करता, म्हणून तुमचंच नेट जातं."

"म्हणजे अकराही..."

"तुम्हीच. दुसरं कोण आलेलंच नाही."

ती सावकाश, आवाज न चढवता बोलली. बाबुरावांनी तिला एकेक नंबर परत वाचायला लावला, वहीतल्या तारखा जुळवून पाहिल्या, फोन विमानात बसल्यासारखा बंद करून यादी संगणकावर उघडली. पाचवी ओळ गेली होती. त्यांनी फोन पुन्हा जोडला. ओळ आली. तिसऱ्यांदा करायला त्यांचे बोट धजले नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.

बाबुरावांनी गाठले तेव्हा अनिमेष संकुलातल्या जिममधून बाहेर पडत होता. त्याने सगळे ऐकून घेतले. ऐकताना मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके तपासले.

"काका, टेक्निकली तुम्ही बरोबर असाल. पण लेटर गेलंय. आता परत घेतलं तर कमिटी चुकली, असं होतं."

"चुकलीच ना. मी चुकलो. माझ्या नावानं लिहा."

"तुमच्या एकट्याच्या नावानं कसं? ठरावावर माझी सही आहे. आणि चिल करा हो, त्याला जॉबवरून नाही काढलेलं, फक्त शिफ्ट केलंय."

चूक मान्य करायला गणसंख्या लागते, चूक मात्र आपोआप होते, हे बाबुरावांना त्या दिवशी कळले. ते फाटकाकडे निघाले.

साईनाथ केबिनमध्ये डब्याची पिशवी आवळत होता. गणवेशाचा शर्ट त्याने घडी करून खुर्चीवर ठेवला होता.

"साईनाथ, तो फोन माझाच होता. सगळे अकरा. तू काही केलं नव्हतंस."

"माहितीये, काका."

"माहितीये?"

"तुम्ही ऑफिसात गेले की दहा मिनटांत बाहेर येऊन बोलायचे, परत आला. तुम्ही चार दिवस कल्याणला लग्नाला गेलेले, तेव्हा कोण नाय आला. मी काय आंधळा आहे का?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललेलो ना. कर्णिक साहेबांना बोललेलो, मागच्याच महिन्यात. ते बोलले, आता म्हाताऱ्यावर नाव ढकलतो काय." तो किंचित हसला. "तुम्हाला बोलायची हिंमत नाय झाली. तुम्ही लय खात्रीत होते."

बाबुराव केबिनच्या आत शिरले.

"कुठं टाकलंय तुला?"

"भिवंडीला, गोडाऊनवर. नाइट."

"आणि पोरगी?"

"बघू. शेजारी तुळसामावशी आहेत, त्या हो बोलल्यात. रोजचं कसं होतं, ते बघू."

"मी एजन्सीला लिहितो. आजच. समिती गेली खड्ड्यात, माझ्या सहीनं लिहितो."

"लिहा," साईनाथ म्हणाला. त्याने चप्पल सरकवली आणि पिशवी खांद्याला अडकवली. "नवीन माणूस कळव्यात अडकलाय, अर्धा तास लागेल. जरा उभे राहाल? गेट सोडून गेलेलो कळलं, तर तिकडे पण घेणार नाय."

"जा तू. मी आहे."

रिक्षांच्या रांगेपलीकडे त्याची पाठ दिसेनाशी झाली. बाबुरावांनी केबिनमधला कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच लिहायला घेतले. अनोळखी म्हणून नोंदवलेली अकराही उपकरणे म्हणजे माझा एकच फोन होता. हे रक्षक साईनाथ याने अध्यक्षांना वेळीच सांगितले होते.

मागे हॉर्न वाजला. अनिमेषची गाडी फाटकाच्या आडव्या दांड्याशी येऊन थांबली होती. काचा वर होत्या. आत तो फोनवर बोलत होता. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

बाबुरावांनी वाक्य पूर्ण केले. खाली संपूर्ण नाव लिहिले, तारीख घातली, मनगटावरच्या घड्याळात पाहून वेळ लिहिली: पाच वाजून सात मिनिटे. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि मग बटण दाबले.

दांडा वर गेला. गाडी निघून गेली. केबिनमध्ये कोण उभे आहे हे आतून कुणी पाहिले नाही.