तुला कुठून कुठपर्यंत ऐकू येतं?

"तुझा डबा नुसता गातोय गं पोरी. बोलतच नाही," किनाऱ्यावरची म्हातारी न्यार सेमे फोनवर म्हणाली, तेव्हा अकेयोला हसूच आलं होतं. पोर मांडीवर तापाने फणफणलेलं. एका हाताने ती त्याचं कपाळ चाचपत होती.

"गाऊ दे की आजी! गातोय म्हणजे वारा नाही. तुम्ही निवांत मासळी वाळवा."

"वारा नाही? परवा माझी जाळी मासळीसकट उडाली, ती काय मी फुंकर मारून उडवली?"

"ओगुतूला बघायला सांगते," असं म्हणून अकेयोने फोन ठेवला होता.

सरोवरकाठच्या त्या छोट्या रेडिओवर रोज दुपारी वाऱ्याची खबर सांगणारी अकेयोच. दिवसभर गाणी चालायची. वादळ दिसलं की ती गाणं तोडून बोलायची. किनाऱ्या-किनाऱ्यावर खांबाला ओगुतूने केलेले डबे टांगले होते. आत चिमुकला संगणक, रेडिओचा ट्यूनर आणि बाहेर भोंगा. दिवे घेऊन ओमेना ही बारीक मासळी धरायला जाणाऱ्या होड्या संध्याकाळी या डब्याकडे कान लावून थांबत. गातोय ना, मग ढकला होडी. हा हिशोब अकेयोनेच त्यांना शिकवला होता.

ओगुतूला तिने सांगितलंही. तो म्हणाला, "उंदीर शिरला असेल तारेत. बघतो, आई."

आई म्हणायचा, कारण तिच्या पोराचं नावही ओगुतू, म्हणजे ती ओगुतूची आई. बाळंतपणात ती अडली, नवरा परगावी. या कॉलेजच्या मित्राने मोटारसायकलवर बसवून तिला दवाखाना गाठून दिला. त्याच्या नावाशिवाय दुसरं नाव सुचणार तरी कसं? आता घरात "ओगुतू!" म्हटलं की मोठाच आधी "आलो आई!" म्हणून दात काढायचा आणि मक्याच्या उगालीच्या ताटावर येऊन बसायचा.

आज दुपारी दुसऱ्याच किनाऱ्यावरचा डबा प्रवासी मटाटूतून आला, भोंगा फुटला म्हणून. पोराला पाठीशी बांधून अकेयोने नवा भोंगा जोडला. डबा गायला लागला. गाणं तिच्या स्टेशनचं नव्हतं. शहरातलं नवं स्टेशन.

शेजारी स्टुडिओतला डबा मात्र तिचंच स्टेशन लावून बसला होता. रोज तो ऐकूनच ती निर्धास्त असायची.

तिने कीबोर्ड जोडला. असा डबा सुरू झाला की आधी ट्यूनरच्या ड्रायव्हरला विचारतो, तुला कुठून कुठपर्यंत ऐकू येतं? ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा दुभाषा. तो दोन आकडे सांगतो, खालचा आणि वरचा. त्यापलीकडचं काही मागितलं तर कुरकुर करत नाही. आपल्या टोकाशी जाऊन गुपचूप बसतो.

तिने तोच प्रश्न दोन्ही डब्यांना विचारला. स्टुडिओतल्याने वरचा आकडा दिला १७२८. सोळाने भागलं की एकशे आठ मेगाहर्ट्झ. बरोबर. किनाऱ्यावरच्याने दिला १६६४. म्हणजे एकशे चार. तिचं स्टेशन एकशे पाचवर. आणि बरोबर एकशे चारवर शहरवाले.

ट्यूनर दोन्हीकडे एकाच जातीचा. कान शाबूत होते. बहिरं असल्याचं सोंग दुभाष्याला कुणीतरी पढवलं होतं, आणि तो दुभाषा ओगुतूशिवाय कुणी लिहिलेलाच नव्हता.

तिने फोन लावला.

"काय गं आई, माझ्या नावाचा पठ्ठ्या कसा आहे? ताप उतरला?"

"एकशे चारला का तोडलंस?"

पलीकडून हसण्याचा प्रयत्न. "अगं, थोडे दिवसच. पहिल्या तारखेपासून मी त्या शहरवाल्यांकडे नोकरीला लागतोय. किनाऱ्यावर आमचं वाजतं हे दाखवायचं होतं. नंतर काढणारच होतो."

"सगळे डबे?"

"तुझा सोडून."

"माझा का सोडला?"

तिने स्टुडिओतल्या डब्याकडे पाहिलं.

"मला कळू नये म्हणून ना?"

"तू पण ना, अकेयो! वारा, वारा, रोज वारा. लोकांना गाणी हवीत. आणि एवढ्यात कुठे वादळ आलंय?"

ती खिडकीशी गेली. सरोवर पत्र्यासारखं काळपट पडलं होतं, दक्षिणेकडून ढग पाण्याला टेकत येत होते. काठच्या पापायरस गवताचे शेंडे एकाच दिशेला आडवे झाले होते.

"ओगुतू," ती म्हणाली. पाठीवरचं पोर "अं?" म्हणालं. तिने फोन बंद केला.

न्यार सेमेचा फोन लागेना. चार्जिंग संपलं असणार. संध्याकाळ होत आली होती, आता होड्या पाण्याकडे ओढल्या जात असतील. म्हातारीचा लेक त्यातलाच, आणि ती स्वतः अगदी पाण्याच्या कडेला जाळ्यांवरची मासळी गोळा करत असेल. डोक्यावर डबा गात असेल.

अकेयोने गाणं तोडलं. रोजच्यासारखं 'मी ओगुतूची आई' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं.

"मी अकेयो बोलतेय," ती म्हणाली. "मोठं वादळ येतंय. किनाऱ्यावरचे डबे तुम्हाला हे सांगणार नाहीत. ते गात असले तरी होड्या काढू नका. मी फक्त घरातल्या साध्या रेडिओवर पोचतेय. म्हणून तुम्हालाच सांगते, तुम्ही, जे आत्ता माझं ऐकताय. हातातलं काम ठेवा. खाली पाण्यापर्यंत जा. न्यार सेमे तिथे असेल, डोक्याला निळं फडकं बांधलेली. तिने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिच्या लेकाला थांबवा, आणि तिला वर घेऊन या. कुणीतरी जाऊन बघा हो तिच्याकडे."