वरच्या खोलीतला गाववाला

प्रबुद्धने टेपचं एक टोक वरच्या खोलीच्या भिंतीला लावलं आणि दुसरं गुणाजींना धरायला दिलं. म्हाताऱ्याने ते मन लावून धरलं. मापं घेता घेता गप्पाही झाल्या. मिल बंद पडल्यापासून आपण इथेच राहतो, महिना लागला की आधी वहिनींच्या हातात भाडं ठेवतो आणि मगच चहा पितो, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

या वहिनी म्हणजे घरमालकीण नलिनीताई. वर एक खोली चढवलेल्या चारकोपच्या या बैठ्या घरावर त्यांच्या मुलाने, सुशांतने, वर्कशॉपसाठी कर्ज काढलं होतं. वर्कशॉप बुडालं, हप्ते थकले आणि बँकेने ते कर्ज प्रबुद्धच्या कंपनीला विकून टाकलं. आता कंपनी घर लिलावात काढणार होती. त्याआधी घरात कोण कोण राहतं ते लिहून घ्यायला मरोळच्या ऑफिसातून त्याला धाडलं होतं.

कर्ज विकत घेणाऱ्याची कायदा बरीच काळजी घेतो. बँकेच्या साहेबांनी तोंडी काय कबूल केलं होतं, त्याच्याशी कंपनीला देणंघेणं नसतं. आडवा येतो तो फक्त कर्जाच्या आधीपासून भाडं भरणारा जुना भाडेकरू. त्याला सहजासहजी बाहेर काढता येत नाही, आणि माणसासकट घर घ्यायला लिलावात कुणी फिरकत नाही. मग कंपनीच तडजोडीला तयार होते. हे सगळं प्रबुद्धला पाठ होतं, पण ते सांगायचा पगार त्याला मिळत नव्हता. त्याने फक्त विचारायचं.

खाली आल्यावर त्याने विचारलं, वरच्या खोलीचं भाडं किती घेता?

नलिनीताईंनी पदर सारखा केला.

"भाडं कसलं हो? गाववाले आहेत आमचे. गाववाल्याकडून कोण भाडं घेतं?"

प्रबुद्धने गुणाजींकडे पाहिलं.

"काका, मघाशी वर तुम्ही म्हणालात..."

"ता मी असाच बोललंय," गुणाजी म्हणाले. "वयनी खोटं कशाला सांगतील?"

दोघंही खोटं बोलत होती आणि दोघांनाही ते नीट जमत नव्हतं. प्रबुद्धला वाटलं, पेन खाली ठेवावं आणि स्पष्ट सांगावं की बाई, खरं बोला, त्यातच तुमचं भलं आहे. त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने लिहिलं, 'भाडेकरू नाही', आणि दोघांच्या सह्या घेतल्या.

गुणाजी त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. स्कूटरपाशी थांबून त्यांनी आवाज खाली आणला.

"बँकेचा साहेब तेव्हा म्हणालेला, भाडेकरू ठेवलात तर घर जाईल. वयनीच्या डोक्यात ता बसलंय. आता माझ्यामुळे नाय ना जाणार?"

प्रबुद्धने हेल्मेट हातात घेतलं. कागद अजून त्याच्याच बॅगेत होता.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्यामुळे नाही."

म्हाताऱ्याने हात जोडले. या नोकरीत प्रबुद्धने शिव्या पुष्कळ खाल्ल्या होत्या, पण हात कुणी जोडले नव्हते. त्याने हेल्मेट घातलं, तरी मागून गुणाजींचा मोकळा आवाज ऐकू आलाच.

"वयनी, झाला सगळा नीट. चाय टाक."